जीनांचे क्षैतिज संक्रमण, प्राण्यांतील

एका जातीतील जीन (गुणसूत्रावरील आनुवंशिक घटक) तिच्याशी संकर होऊ न शकणाऱ्या दुसऱ्या जातीच्या आनुवंशिक सामग्रीत शिरून तेथे पिढ्यान् पिढ्या टिकून राहणे, याला जीनांचे क्षैतिज किंवा आडवे संक्रमण असे म्हणतात. आईबापांकडून संततीकडे होणारे नेहमीचे संक्रमण हे याच्या तुलनेने उभे संक्रमण होय. सूक्ष्मजंतूंमध्ये क्षैतिज संक्रमण ही नित्याची घटना आहे. प्राण्यांमध्ये मात्र ते जवळजवळ अशक्य आहे, अशी समजूत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत होती. ही समजूत कशी बदलली आणि त्यासाठी कोणत्या प्रकारचा पुरावा आवश्यक ठरला, याचा इतिहास आनुवंशिकीच्या व क्रमविकासाच्या अभ्यासात महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी : सूक्ष्मजंतूंतील संक्रमणाचा पहिला पुरावा फ्रेडरिक ग्रिफिथ या इंग्लिश वैद्यांनी १९२८ मध्ये मिळविला. फुप्फुसदाह उत्पन्न करणारे मृत सूक्ष्मजंतू आणि त्याच जातीचे निरुपद्रवी जिवंत सूक्ष्मजंतू एकत्र टोचल्यास उंदीर मरतात आणि त्यांच्या शरीरात जिवंत व घातक सूक्ष्मजंतू आढळतात, असे त्यांना दिसून आले. मृत सूक्ष्मजंतूंकडून जिवंतांकडे जाणारा हा पदार्थ डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) असल्याचे ऑस्वल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड व मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केले. १९५२ मध्ये नॉर्टन झिंडर व जोशुआ लेडरबर्ग यांनी व्हायरसही एका सूक्ष्मजंतूतील जीन दुसऱ्यात नेऊ शकतात, असे दाखविले. पुढे जपानमध्ये अनेक औषधांना एकाच वेळी दाद न देणाऱ्या आमांशाच्या सूक्ष्मजंतूंचा अभ्यास झाला. त्यावरून औषधविरोधाचे जीन एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात, हे स्पष्ट झाले.

प्राण्यांच्या बाबतीत अशी अपेक्षा न करण्यास सबळ कारण होते. ऑगस्ट व्हाइसमान या जर्मन जीववैज्ञानिकांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जननद्रव्य व शरीरद्रव्य यांत भेद केला होता. प्राण्याच्या शरीरातील बहुसंख्य कोशिका त्याच्याबरोबर नष्ट होतात. पुढच्या पिढीत जातात त्या केवळ अंडाणू व शुक्राणू यांना जन्म देणाऱ्या जननकोशिका. सूक्ष्मजंतूचे सर्व शरीर म्हणजे एकच कोशिका असल्याने तीत शिरलेला जीन आपोआप संततीत उतरतो. प्राण्याच्या त्वचेत किंवा आतड्यात परका डीएनए शिरला, तरी आनुवंशिक दृष्ट्या त्याला अर्थ नसतो. तो जननकोशिकेत पोहोचला पाहिजे, गुणसूत्रात सामावला पाहिजे आणि नंतर त्या जातीच्या समष्टीत पसरला पाहिजे. यांतील प्रत्येक पायरी दुष्कर आहे. म्हणून प्राण्यांतील संक्रमणाचा दावा करणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी अधिक येते.

व्हायरसांची साक्ष : या बंदिस्त समजल्या जाणाऱ्या व्यवस्थेतील पहिली वाट व्हायरसांच्या अभ्यासातून दिसली. ज्यांची आनुवंशिक सामग्री आरएनए (रिबोन्यूक्लिइक अम्ल) स्वरूपात असते आणि पोषक प्राण्याच्या कोशिकेत तिची डीएनए प्रत तयार होऊन गुणसूत्रात बसते, अशा व्हायरसांना रेट्रोव्हायरस म्हणतात. रेट्रोव्हायरस जननकोशिकेत शिरल्यास त्याची प्रत वंशपरंपरेने पुढे जाऊ शकते. राऊल बेनव्हेनिस्ट व जॉर्ज टोडॅरो या अमेरिकन संशोधकांनी १९७४ मध्ये पाळीव मांजराच्या गुणसूत्रांतील अशा एका व्हायरसाचे बबून माकडातील व्हायरसाशी निकटचे साम्य असल्याचे दाखविले. मांजराच्या जवळच्या काही लहान जातींत हा व्हायरस होता. सिंह, बिबळ्या यांसारख्या कुलबंधूंत तो नव्हता. मांजर व माकड यांच्या सामाईक पूर्वजाकडून तो आला असता, तर मार्जार कुलात सर्वत्र त्याच्या खुणा मिळावयास हव्या होत्या. या व्हायरसांचे परस्परनाते प्रारंभी वाटले त्यापेक्षा गुंतागुंतीचे असल्याचे पुढे आढळले, तरी एका गणातील प्राण्याचा आनुवंशिक घटक दुसऱ्या गणात स्थायिक होऊ शकतो, हा मुख्य निष्कर्ष टिकून राहिला.

मात्र यावर एक आक्षेप शिल्लक होता. व्हायरस हा मुळातच संसर्ग करणारा घटक आहे. ज्याला स्वतः कोशिकेबाहेर जाता येत नाही, असा प्राण्याच्या गुणसूत्रावरील घटक परक्या जातीत जाऊ शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर ड्रॉसोफिला वंशातील माश्यांच्या अभ्यासातून मिळाले.

पी घटक : पिकलेल्या फळांवर घोंघावणारी ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर ही लहान माशी टॉमस हंट मॉर्गन यांच्या काळापासून, म्हणजे सु. १९१० पासून, आनुवंशिकीच्या प्रयोगशाळांत वाढविली जात आहे. १९७० नंतरच्या दशकात तिच्या संकरांत काही विलक्षण गोष्टी दिसू लागल्या. या जातीच्या नरांत गुणसूत्रखंडांची अदलाबदल सामान्यतः होत नाही. तथापि निसर्गातून पकडलेल्या माश्यांच्या काही संकरांत ती होत असल्याचे युइचिरो हिराइझुमी यांनी १९७१ मध्ये नोंदविले. मार्गारेट किडवेल, जेम्स किडवेल व जॉन स्वेड यांनी १९७७ मध्ये अशा संकरांतील वंध्यत्व, वारंवार होणारी उत्परिवर्तने (आनुवंशिक लक्षणांत एकाएकी होणारे बदल) व नरांतील खंडांची अदलाबदल ही एकाच विकाराची लक्षणे असल्याचे मांडले. या विकाराला संकरज अपजनन असे म्हणता येईल.

त्याचे सर्वांत चमत्कारिक वैशिष्ट्य म्हणजे तो एकाच दिशेच्या संकरात उद्भवे. नर निसर्गातून नुकत्याच आणलेल्या वाणाचा आणि मादी प्रयोगशाळेतील जुन्या वाणाची असेल, तर संततीत, विशेषतः ती अधिक तापमानात वाढविल्यास, जननग्रंथी खुरटत. उलट संकराची संतती निकोप निपजे. पहिल्या प्रकारच्या वाणांना पितृसूचक ‘पी’ व दुसऱ्यांना मातृसूचक ‘एम’ अशी नावे देण्यात आली. मेंडेल यांच्या नियमांनुसार दोन्ही संकरांची मादी संतती आनुवंशिक दृष्ट्या सारखीच असावयास हवी. म्हणून या भेदाचे कारण गुणसूत्रांखेरीज अंड्यातील द्रव्यातही असले पाहिजे, असे अनुमान निघाले.

गुणसूत्रावरील आपली जागा बदलू शकणारे घटक (ट्रान्स्पोझॉन) बार्बारा मॅक्लिंटॉक यांनी १९४० नंतरच्या दशकात मक्यात शोधून काढले होते. या कार्याचे महत्त्व पटण्यास बराच काळ जावा लागला आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. संकरज अपजननाचे मूळ अशाच एका घटकात असल्याचे १९८२ मध्ये पॉल बिंगम, मार्गारेट किडवेल व जेरल्ड रुबिन यांनी दाखविले. पी वाणाच्या गुणसूत्रांवर या घटकाच्या साधारणतः ३० ते ५० प्रती विखुरलेल्या असतात. खऱ्या एम वाणात एकही नसते. संपूर्ण पी घटक २,९०७ न्यूक्लिओटाइड जोड्यांचा असून त्याच्या दोन्ही टोकांना ३१ जोड्यांचे परस्परांच्या उलट दिशेचे सारखे क्रम असतात. त्याच्यापासून बनणारे एंझाइम हे क्रम ओळखून घटकाला एका ठिकाणाहून कापते व दुसरीकडे बसविते.

हे एंझाइम केवळ जननकोशिकांतच पूर्णत्वास जाते, असे १९८६ मध्ये सिद्ध झाले. शरीरकोशिकांत त्याच्या संदेशातील एक खंड वेगळा केला जात नाही व त्यामुळे अपुरे प्रथिन तयार होते. पुढच्या पिढीत जे जाणारच नाही त्या कोशिकांत हा घटक उपद्रव करीत नाही आणि जे जाणार तेथेच आपल्या प्रती वाढवितो. व्हाइसमान यांनी दाखविलेला कोशिकांतील भेद या घटकाच्या वर्तनातही अशा रीतीने प्रतिबिंबित झालेला आहे.

नवागत की जुना रहिवासी : जुन्या वाणांत पी घटक का नसावा, याविषयी दोन मते होती. एका मतानुसार तो या जातीत प्राचीन काळापासून असून प्रयोगशाळेतील लहान समष्टींतून हळूहळू नाहीसा झाला. दुसऱ्या मतानुसार तो निसर्गातील माश्यांतच नुकता आला असून जुने वाण त्यापूर्वी पकडलेले असल्यामुळे त्यांत तो नाही. निरनिराळ्या वर्षी व निरनिराळ्या प्रदेशांत पकडून जतन केलेले वाण प्रयोगशाळांत उपलब्ध असल्यामुळे हा वाद तपासून पाहता आला. १९५० पूर्वी पकडलेल्या वाणांत पी घटक जवळजवळ आढळत नाही; त्यानंतरच्या वाणांत तो प्रथम अमेरिका खंडात व मागाहून अन्य खंडांत वाढत्या प्रमाणात दिसतो. केवळ प्रयोगशाळेतील ऱ्हासाने असा भौगोलिक क्रम निर्माण होणे कठीण होते. शिवाय मेलॅनोगॅस्टरच्या अगदी जवळच्या जातींतही त्या काळी हा घटक नव्हता.

त्याचे मूळ दूरच्या एका जातीत सापडले. ड्रॉसोफिला विलिस्टोनी ही माशी उष्ण अमेरिकेत राहते. मेलॅनोगॅस्टर मूळची आफ्रिकेतील असून माणसाच्या दळणवळणाबरोबर अमेरिकेत पोहोचली. या दोन जातींचे पूर्वज सु. ५ कोटी वर्षांपूर्वी विभक्त झाले व त्यांच्यात संकर होत नाही. तरीही स्टीफन डॅनियल्स, मार्गारेट किडवेल व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये दोन्हींतील पी घटकांची तुलना केली, तेव्हा २,९०७ पैकी केवळ एका न्यूक्लिओटाइडाचा फरक आढळला. त्याच दोन जातींचे नेहमीचे जीन एकमेकांपासून पुष्कळच भिन्न झालेले आहेत. सामाईक पूर्वजाकडून मिळालेल्या, कोणत्याही आवश्यक कार्यासाठी न जपल्या जाणाऱ्या घटकात इतक्या दीर्घ काळात एकच बदल व्हावा, हे संभवनीय नाही. विलिस्टोनीच्या गटात पी घटक सर्वत्र आढळतो, मेलॅनोगॅस्टरच्या गटात तो एकट्या एका जातीतच होता. संक्रमणाची दिशा यावरून ठरली.

वाहकाविषयी मर्लिन हाउक, किडवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक सूचना केली. प्रॉक्टोलीलॅप्स रेगॅलिस ही माइट (अष्टपाद वर्गातील अतिसूक्ष्म प्राणी) माश्यांच्या अंड्यांना झटपट एकामागून एक भोके पाडून द्रव शोषते. पी वाणाच्या माश्यांसोबत वाढलेल्या माइटांत पी घटकाचे क्रम मिळाले. एका अंड्यातील द्रव दुसऱ्या जातीच्या शेजारच्या अंड्यात जाणे अशा रीतीने शक्य होते आणि माशीच्या कोवळ्या अंड्यात भावी जननकोशिका टोकाशीच तयार होत असतात. हा केवळ संभवनीय मार्ग आहे. प्रत्यक्ष घटना कोणीही पाहिलेली नाही आणि एकदाच घडलेल्या घटनेबाबत तसा पुरावा मिळण्याची आशाही थोडी आहे. त्याची शक्यता मात्र निर्विवाद आहे. कारण ॲलन स्प्रॅडलिंग व जेरल्ड रुबिन यांनी १९८२ मध्ये नेमके हेच कृत्रिम रीत्या घडवून आणले होते. पी घटकात बसविलेला डोळ्यांच्या रंगाचा जीन कोवळ्या अंड्यांत टोचून त्यांनी तो पुढील पिढ्यांत उतरविला. ही पद्धत नंतर जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली.

एकाच दिशेच्या संकरात विकार का उद्भवतो, याचा उलगडा २००८ मध्ये झाला. पी वाणाची मादी आपल्या अंड्यात पी घटकाविरुद्धचे अतिलघू आरएनए ठेवते व ते त्या घटकाला निष्क्रिय करतात. एम मादीच्या अंड्यात असे संरक्षण नसल्याने नराकडून आलेला घटक अनिर्बंध संचार करतो. या संशोधनानंतर थोड्याच वर्षांत असे आक्रमण पुन्हा एकदा पाहावयास मिळाले. ड्रॉसोफिला सिम्युलन्स ही मेलॅनोगॅस्टरची निकटची जाती पी घटकापासून मुक्त होती. रॉबर्ट कोफ्लर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तिच्या नैसर्गिक समष्टींत तो शिरल्याचे जाहीर केले. या वेळी तो मेलॅनोगॅस्टरकडून आला होता. जतन केलेल्या नमुन्यांवरून हा प्रसार मुख्यतः २००६ ते २०१४ या काळात झाल्याचे दिसते. म्हणजे जगभर पसरलेल्या एका जातीची आनुवंशिक सामग्री बदलण्यास एक-दोन दशके पुरेशी झाली.

दूरच्या प्राण्यांतील संक्रमण : पी घटकाचा प्रवास एकाच वंशातील जातींपुरता होता. मॅरिनर या दुसऱ्या घटकाने याहून मोठी अंतरे ओलांडलेली आहेत. तो १९८६ मध्ये ड्रॉसोफिला मॉरिशियाना या माशीत सापडला. ह्यू रॉबर्टसन यांनी १९९३ मध्ये तो कीटकांच्या निरनिराळ्या गणांत पसरल्याचे दाखविले. त्याच्या प्रकारांमधील साम्य आणि त्या कीटकांचे परस्परनाते यांचा मेळ बसत नव्हता.

पृष्ठवंशी प्राण्यांतील ठळक उदाहरण बोव्ह-बी या घटकाचे आहे. हा घटक आरएनए प्रतीच्या द्वारे आपली संख्या वाढवितो. गाय, मेंढी इ. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत तो प्रथम माहीत झाला होता. स्लोव्हेनियातील दुशान कॉर्डिश व फ्रांक गुबेनशेक यांना व्हायपेरा ॲमोडायटीझ या सापाच्या विषासंबंधीच्या जीनांचा अभ्यास करताना तोच घटक आढळला. सर्पाकडून रवंथ करणाऱ्यांच्या पूर्वजांकडे तो क्षैतिज रीतीने गेला, असा निष्कर्ष त्यांनी १९९८ मध्ये मांडला. २०१३ मधील एका व्यापक अभ्यासानुसार बोव्ह-बी व त्यापासून उत्पन्न झालेले लहान घटक मिळून गायीच्या आनुवंशिक सामग्रीचा सु. एक-चतुर्थांश भाग होतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचे रक्त पिणाऱ्या गोचिडांतही तो मिळाल्याने गोचीड वाहक असाव्यात, या तर्काला आधार मिळाला. २०२२ मध्ये सापांकडून बेडकांकडे असे संक्रमण अनेकदा झाल्याचे व मादागास्कर बेटावर ते विशेष प्रमाणात झाल्याचे दिसून आले.

परजीवींच्या सहभागाचा अधिक स्पष्ट पुरावा सेड्रिक फेशॉट, क्लेमाँ झिल्बेर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिला. दक्षिण अमेरिकेतील ऱ्होड्नियस प्रोलिक्सस हा रक्तपिपासू ढेकूण चागास रोगाचा प्रसारक आहे. त्याच्यातील चार प्रकारचे ट्रान्स्पोझॉन त्याच खंडातील ऑपॉस्सम व स्क्विरल माकड या त्याच्या नेहमीच्या भक्ष्यांतील ट्रान्स्पोझॉनांशी सु. ९८ टक्के जुळतात. कीटक व सस्तन प्राणी यांचे पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी विभक्त झालेले असताना हे साम्य वंशपरंपरेने आलेले असणे शक्य नाही.

उपयुक्त जीन : वरील सर्व उदाहरणे स्वतःच्या प्रती वाढविणाऱ्या घटकांची आहेत. ग्रहण करणाऱ्या प्राण्याला उपयोगी पडणारा जीन दुसऱ्या प्राण्याकडून आल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. त्यांतील सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण थंड समुद्रांतील माशांचे आहे. हेरिंग व स्मेल्ट हे मासे रक्तात बर्फाचे स्फटिक वाढू न देणारे एकाच प्रकारचे प्रथिन तयार करतात, परंतु त्यांचे पूर्वज २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी विभक्त झाले आहेत. लॉरी ग्रेअम, पीटर डेव्हिस व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की, या जीनांचे केवळ प्रथिन ठरविणारेच नव्हे, तर त्यांच्या मधले प्रथिनाशी संबंध नसलेले खंडही जुळतात. सारख्या गरजेमुळे स्वतंत्रपणे सारखे प्रथिन उत्पन्न झाले असते, तर हे निरुपयोगी खंड जुळण्याचे कारण नव्हते. २०२१ मध्ये त्यांनी स्मेल्टमधील या जीनाच्या आजूबाजूला हेरिंगच्या ट्रान्स्पोझॉनांचे अवशेष असल्याचे प्रसिद्ध केले. त्यामुळे हेरिंग हा दाता ठरला. हे मासे अंडी व शुक्राणू उघड्या पाण्यात सोडतात. तेथील सुटा डीएनए शुक्राणूला चिकटून अंड्यात गेला असावा, असे अनुमान आहे.

प्राण्यांना प्राण्याखेरीज इतर सजीवांकडूनही जीन मिळालेले आहेत. काही मावा कीटकांचा तांबडा रंग ज्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे येतो, ती तयार करणारे जीन कवकांकडून आल्याचे नॅन्सी मोरान व टायलर जार्व्हिक यांनी २०१० मध्ये दाखविले.

चुकीचे दावे व कसोट्या : या क्षेत्रात घाईने काढलेले निष्कर्ष अनेकदा मागे घ्यावे लागले आहेत. २००१ मध्ये मानवी जीनोमाचा (संपूर्ण आनुवंशिक सामग्रीचा) आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा मानवातील दोनशेहून अधिक प्रथिनांचे जीन सूक्ष्मजंतूंकडून आले असावेत, असे म्हटले होते. त्याच वर्षी अधिक प्राण्यांशी तुलना केल्यावर ही संख्या पुष्कळच घटली; इतर प्राण्यांच्या शाखांत ते जीन लोप पावले होते, एवढाच बहुतेकांचा अर्थ होता. २०१५ मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म जलचर प्राण्याचे सु. एक-षष्ठांश जीन परके असल्याचे जाहीर झाले. एडिंबरो येथील संशोधकांनी त्याच जातीचा स्वतंत्र अभ्यास करून ते जीन मुख्यतः नमुन्यात मिसळलेल्या सूक्ष्मजंतूंचे असल्याचे दाखवून दिले.

या अनुभवातून काही कसोट्या निश्चित झाल्या. घटकाचे साम्य त्या दोन जातींच्या नेहमीच्या जीनांतील साम्याहून खूपच अधिक हवे. निकटच्या जातींत तो नसावा व हा अभाव केवळ लोपाने झाल्याचे संभवनीय नसावे. तो गुणसूत्रात स्थानिक जीनांना सलग जोडलेला आढळावा, म्हणजे नमुन्यातील भेसळीची शंका राहत नाही. आणि दाता व ग्राहक यांचा प्रदेश, काळ व संपर्क जुळावा. पी घटकाचे उदाहरण या सर्व कसोट्यांना उतरते.

महत्त्व : प्राण्यांतील क्षैतिज संक्रमणाने डार्विन यांच्या वंशवृक्षाची कल्पना बाद झालेली नाही. प्राण्याचे बहुसंख्य जीन त्याला पूर्वजांकडूनच मिळतात आणि त्यांच्यावरून जातींचे नाते ठरविता येते. तथापि एकाच जीनावरून नाते ठरविणे धोक्याचे आहे, हे यामुळे स्पष्ट झाले. स्थायिक झालेला ट्रान्स्पोझॉन आरंभी हानिकारक असला, तरी कालांतराने त्याच्या काही खंडांचा उपयोग यजमान जातीच्या जीनांचे नियमन करण्याकडे होऊ शकतो. त्यामुळे नव्या आनुवंशिक सामग्रीचा एक उगम म्हणूनही या प्रक्रियेकडे पाहिले जाते.

व्यावहारिक दृष्ट्या हा इतिहास आनुवंशिक फेरफार केलेले कीटक निसर्गात सोडण्याच्या प्रश्नाशी निगडित आहे. डासांसारख्या रोगवाहकांत स्वतःचा प्रसार आपणच घडवून आणणारे जीन सोडण्याच्या योजनांचा विचार चालू आहे. असा घटक थोड्या माश्यांपासून सुरू होऊन साऱ्या जातीत पसरू शकतो, हे पी घटकाने दाखविले आहे. तोच घटक अर्ध्या शतकानंतर शेजारच्या जातीत गेला, ही दुसरी बाजूही त्याच इतिहासात आहे. अशा योजनांचे मूल्यमापन करताना उद्दिष्ट असलेल्या जातीबरोबर तिच्या सहवासातील जातींचा व सामाईक परजीवींचाही विचार त्यामुळे आवश्यक ठरतो.